पंखावर नंबर असलेलं गिधाड

हे सदर गाईम्हशींचं आणि घरच्या कुत्र्यामांजरांचं. पण या महिन्याच्या टपालात एकाच पक्ष्याबद्दल पाच पत्रं आली, आणि दोष माझाच. मागच्या अंकात म्हशीच्या गोचिडांवर लिहिताना मी सहज लिहून गेलो की, अमेरिकेत कॉन्डोर नावाचं एक गिधाड आहे, ते शिशाच्या विषानं मरतं म्हणून त्याची रक्ततपासणी जेवढ्या काटेकोरपणे होते तेवढी माझ्या सबंध नोकरीत एकाही म्हशीची झाली नाही. झालं! गोचीड राहिले बाजूला. तेव्हा या वेळी गिधाडंच. गोचिडांचं औषध ज्यांना हवं होतं त्यांनी थोडं थांबावं.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. यंदा चार महिने मुलीकडे कॅलिफोर्नियात होते. जावयांनी पिनॅकल्स नावाच्या डोंगरात नेलं. तिथे एका वाळलेल्या झाडावर भलामोठा काळा पक्षी पंख पसरून बसला होता. डोकं टक्कल पडलेलं, केशरी. दोन्ही पंखांवर नंबराचे बिल्ले आणि बारीक तारही दिसत होती. जावई म्हणाले, हा कॉन्डोर, जंगली आहे. मी म्हटलं, जंगली म्हणता आणि नंबर कसला? आमच्या गावी म्हशीच्या कानात असतो तसा! सगळे हसले, पण उत्तर कोणी दिलं नाही. हा पक्षी नेमका कोणाचा? आणि असा नंबर लावलेला पक्षी दिवसभर करतो तरी काय?
— एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, सही ‘एक आजी’ अशी केलीत, पण वय लिहिलंत ते माझ्याहून दोन वर्षांनी कमी. तेव्हा मी ताईच म्हणणार.

हसणाऱ्यांना हसू द्या. म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला आणि कॉन्डोरच्या पंखावरचा बिल्ला यांचं काम एकच. हे जनावर कोणतं, कुठे जन्मलं, कधी टोचलं, हे चटकन कळावं. पक्ष्याला बिल्ला टोचण्याजोगा कान नाही म्हणून तो पंखाला. तार म्हणजे ट्रान्समीटरची. तो सूर्यप्रकाशावर चालतो आणि पक्षी कुठे आहे ते सांगतो. प्रत्येक कॉन्डोरची एका वहीत नोंद आहे : क्रमांक, आई, बाप, जन्माचं ठिकाण. जातिवंत बैलाची वंशावळ ठेवावी तशी.

एवढी उठाठेव कशासाठी, तर 1982 मध्ये सगळ्या जगात मिळून हे पक्षी उरले होते 22. लग्नाच्या पंगतीची एक ओळसुद्धा त्यात भरत नाही. मग तिकडे भांडण जुंपलं. एक पक्ष म्हणाला, उरलेले सगळे पकडा आणि पिंजऱ्यात वाढवा. दुसरा म्हणाला, मरायचेच असतील तर मोकळ्या आभाळात मानानं मरू द्या. पकडणाऱ्यांचं चाललं. 19 एप्रिल 1987 ला शेवटचा मोकळा कॉन्डोर जाळ्यात सापडला. सात वर्षांचा नर, नाव एसी-9. त्या संध्याकाळी जंगलात कॉन्डोर शून्य, आणि लॉस एंजेलिस व सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयांत मिळून 27. मी त्या वेळी एका खेड्यातल्या दवाखान्यात बैलांचे खूर कापत होतो. कॉन्डोर हा शब्दही कानावर आलेला नव्हता. तरी आज कोणी विचारलं तर मी पकडणाऱ्यांच्या बाजूचा. मेलेल्या जनावराला मान देऊन काय करायचं?

पुढची युक्ती मात्र अगदी घरगुती. कॉन्डोरची मादी एका वेळी एकच अंडं घालते, आणि पिल्लू वाढवायचं तर बहुधा दोन वर्षांतून एकदाच. पण पहिलं अंडं उचलून नेलं तर महिन्याभरात दुसरं घालते. कोंबड्या पाळणारी कुठलीही बाई हे सांगेल. तिथल्या लोकांनी तेच केलं. उचललेली अंडी यंत्रात उबवली. निघालेल्या पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून हातात कॉन्डोरच्या डोक्याची बाहुली चढवून तिच्या चोचीतून घास भरवले. 1992 पासून पक्षी पुन्हा सोडायला लागले, तुम्ही गेलात त्या पिनॅकल्सला 2003 पासून. एसी-9 देखील पंधरा वर्षं पिंजऱ्यात काढून 2002 मध्ये मोकळा झाला.

सुरुवातीची पिल्लं जरा बिघडली. घरांची भीती नाही, माणसाची भीती नाही, विजेच्या तारांवर आपटून काही मेली. मग मोठ्या पिंजऱ्यात खोटा विजेचा खांब उभा केला. त्यावर बसलं की हलका झटका. दोनदा झटका खाल्लेलं पोर तिसऱ्यांदा झाडच शोधतं. शिवाय आता पोरांबरोबर एखादं पोक्त गिधाड ठेवतात. ते त्यांना चोच मारून मारून वळण लावतं. सासुरवास म्हणा हवं तर. पण बाहुलीला हे जमत नव्हतं.

आता त्याचा दिवस. तुम्ही पाहिलात तेव्हा तो पंख पसरून बसला होता, म्हणजे सकाळ असणार. साडेनऊ फूट पंख आणि आठ-दहा किलो वजन. एवढा ऐवज नुसत्या फडफडीनं आभाळात न्यायचा म्हटलं तर अर्ध्या तासात दमून जाईल. म्हणून तो उन्हाची वाट बघतो. पंख वाळवतो, अंग शेकतो. कडे तापले आणि गरम हवा वर चढू लागली की खांद्यातून नुसता झुकतो आणि उचलला जातो. त्यानंतर दीडशे मैलसुद्धा जाईल, पंख हलवायचं काम फारसं नाही. वास त्याला नीटसा येत नाही, सगळा कारभार डोळ्यांवर. डोमकावळे कुठे उतरले, दुसरी गिधाडं कुठे गोळा झाली, ते तो वरून हेरतो. पंगतीत त्याचा मान पहिला असेलच असं नाही. सोनेरी गरुड आला तर हा एवढा धिप्पाड गडी बाजूला सरतो. गरुड नसला की कॉन्डोर-कॉन्डोरांत क्रम लागतो. जुने आधी, कालची पोरं मागे. पोर मध्ये घुसलं तर त्याची मान चोचीत धरून त्याला मागे ओढतात. एका बैठकीत किलो-सव्वा किलो मांस. गळ्याखालची पिशवी टम्म फुगते, मग आठवडाभर काही मिळालं नाही तरी चालतं. जेवण झालं की टक्कल गवतावर घासून पुसतो आणि पाणी मिळालं तर आंघोळ करतो. लोक गिधाडाला घाणेरडं म्हणतात, ते त्याला जेवताना पाहून म्हणतात. जेवल्यानंतर कोणी थांबत नाही.

आवाज नाही. गळ्यात स्वरयंत्रच नाही, नुसतं फुस्स करतो नाही तर घुरघुरतो. तुमच्या पक्ष्याचं डोकं केशरी होतं, म्हणजे तो सहा वर्षांच्या पुढचा. लहानपणी डोकं काळं असतं. घरटं बांधायचा त्रास तो घेत नाही. कड्यातल्या कपारीत किंवा एखाद्या अजस्र झाडाच्या ढोलीत अंडं घालायचं, नर-मादीनं आळीपाळीनं सुमारे दोन महिने उबवायचं, आणि पिल्लू सहा महिन्यांचं होऊन उडेपर्यंत भरवायचं. उडाल्यावरही ते बरेच महिने आईबापांच्या मागे मागेच. आपल्याकडच्या मुलांसारखंच, नोकरी लागली तरी डबा घरचाच.

मग हा कोणाचा? कोणाचाच नाही. उडणं, जोडी जमवणं, पोर वाढवणं, सगळं त्याचं तो करतो. पण वर्षातून एकदा-दोनदा त्याला मोठ्या जाळीच्या खोलीत आमिष दाखवून पकडतात. एक जण चोच धरतो, एक पाय धरतो, आणि पायाच्या शिरेतून रक्त काढतात. लहान मुलांची शिशाची तपासणी करतात तेच खोक्याएवढं यंत्र, काही मिनिटांत आकडा. काही ठिकाणी गोठ्यात मेलेली वासरंही मुद्दाम आणून टाकतात, म्हणजे निदान एक जेवण तरी खात्रीचं मिळावं. तुमचा प्रश्न नंबराचा होता, पण माझ्या मते नंबर हा दागिना समजा. सुई का टोचावी लागते, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : आपण लिहिता की हा पक्षी शिशानं मरतो. गिधाडाला गोळी कोण मारतं? आणि 22 चे शेकडो झाले असतील तर मोहीम यशस्वी म्हणून बंद का करत नाहीत? एका पक्ष्यावर एवढा खर्च गरीब देशाला परवडणार नाही हे तर आपणही मान्य कराल.
— एक निवृत्त शिक्षक, देवास

उत्तर : सर, शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. अमेरिका गरीब नाही, तेव्हा ती चिंता त्यांच्यावर सोडू.

गोळी गिधाडाला लागत नाही (कधी कधी तीही लागते, पण तो वेगळा गुन्हा). गोळी लागते हरणाला. शिशाची गोळी मऊ. अंगात शिरली, हाडाला लागली की फुटते. तांदळाच्या कणीएवढे आणि त्याहून बारीक शेकडो कण मांसात पसरतात. शिकारी हरीण उचलतो, पण आतडी-कोथळा तिथेच टाकतो. जखमी होऊन लांब जाऊन मेलेलं जनावर तर सबंधच पडून राहतं. कॉन्डोरच्या दृष्टीनं ही मांडलेली पंगत. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं तिखट की हाडाचा तुकडाही विरघळतो. मग शिशाचं काय!

पुढे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, पक्ष्यात नाही, वासरात. हातोदकडच्या एका खेड्यातून बोलावणं आलं होतं. पाचेक महिन्यांचं गोऱ्हं. गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून ढकलत उभं होतं. डोळे सताड उघडे, पण समोर हात हलवला तरी पापणी लवेना. दात एकसारखे करकर वाजवत होतं. घरची म्हातारी म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय. विहिरीपाशी गेलो तर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फुटून पडलेली, आतल्या पट्ट्यांवर जिभेचे ओले फराटे. शिशाला गोडसर चव असते, वासरं ते चाटतात. शिसं बांधून बाहेर काढणारं औषध आहे, कॅल्शियम ईडीटीए. पण आमच्या दवाखान्याच्या कपाटात जंताची औषधं आणि टिंक्चर आयोडीन. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. पोट उघडलं तर जाळीत, म्हणजे पोटाच्या जाळीदार कप्प्यात, करड्या रंगाची रेती. मालकानं ती बोटावर घेऊन पाहिली आणि विचारलं, एवढीशी?

कॉन्डोरला तर त्याहून कितीतरी कमी पुरते. शिशानं त्याच्या गळ्याखालची पिशवी आणि आतडी लुळी पडतात. खाल्लेलं पुढे सरकत नाही. पिशवी भरलेली आणि पक्षी उपाशी. आठ-नऊ किलोचा पक्षी वाळून अर्धा होतो आणि एक दिवस उडता येत नाही. मोकळ्या सोडलेल्या कॉन्डोरांपैकी ज्यांच्या मरणाचं कारण समजलं, त्यांतले सुमारे निम्मे शिशानं गेले. म्हणून ती सुई. आकडा चढलेला दिसला की पक्ष्याला दवाखान्यात नेतात, तेच ईडीटीए रोज टोचतात, क्ष-किरणांत पोटातला कण शोधतात, आणि रक्त निवळलं की परत सोडतात. काही पक्षी या फेऱ्या कितीदा तरी करून आलेत. माझ्या त्या गोऱ्ह्याच्या नशिबी एक फेरीही नव्हती.

आता तुमचा मुद्दा, 22 चे किती झाले. पिंजऱ्यातले आणि बाहेरचे मिळून 500 च्या वर गेले, त्यांतले 300 हून अधिक मोकळे. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, यूटा आणि मेक्सिकोतलं बाहा. आकडा बघून छाती फुगते खरी. पण वर्गात पास झालेली मुलं मोजताना ग्रेस मार्क वेगळे काढायचे असतात, हे मी शिक्षकांना काय सांगणार? पिंजऱ्यातून दर वर्षी नवी पाखरं सोडणं थांबवलं आणि सुया बंद केल्या, तर हा आकडा टिकेल असं तिथले लोकही म्हणत नाहीत. सहा-आठ वर्षांचा झाल्याशिवाय जो पक्षी जोडी जमवत नाही आणि दोन वर्षांत एक पिल्लू देतो, त्याचा एक पोक्त जीव गेला तर तो खड्डा भरायला दशक लागतं. त्यात 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिग सूरच्या जंगलाला वणवा लागला, त्यात डझनभर गेले. 2023 मध्ये बर्ड फ्लूनं ॲरिझोना-यूटाच्या कळपातले 21 पक्षी काही आठवड्यांत संपवले. मग कॉन्डोरांना लस टोचायला सुरुवात झाली.

शिकाऱ्यांना मात्र मी खलनायक करणार नाही. तांब्याची गोळी मिळते, ती फुटून विखुरत नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाची गोळी वापरायला पूर्ण बंदी आहे. ॲरिझोनानं कायदा न करता कॉन्डोरच्या भागातल्या शिकाऱ्यांना तांब्याच्या गोळ्या फुकट वाटल्या, आणि बहुतेकांनी त्या घेतल्या. नाही तर कोथळा तरी सोबत उचलून नेला. मला ही दुसरी रीत जास्त आवडते. ज्याच्या हातून चूक होते त्याला आधी दुसरी वस्तू हातात द्यावी.

प्रश्न : डॉक्टरकाका, जटायू मोठा की कॉन्डोर? आणि कॉन्डोर संपातीसारखा सूर्यापर्यंत जाऊ शकतो का?
— इयत्ता सहावी, इंदूर

उत्तर : बाळा, जटायू रावणाशी लढला, कॉन्डोर गरुडालाही घाबरतो. त्यामुळे जटायूच मोठा. उंचीचं म्हणशील तर कॉन्डोर पंधरा हजार फुटांपर्यंत जातो. पण आफ्रिकेतल्या एका गिधाडानं 1973 मध्ये विमानाला धडक दिली होती, तेव्हा विमान 37 हजार फुटांवर होतं. संपातीचा खरा वारस तो.

दिसायला आपल्या गिधाडासारखा असला तरी कॉन्डोर आपल्या गिधाडांचा सख्खा नाही. कुळ वेगळं, पण धंदा एकच, म्हणून टक्कलही सारखंच. आणि गंमत ऐक, उत्तर कॅलिफोर्नियातले युरोक नावाचे आदिवासी लोक त्याला फार पवित्र मानतात. ते त्याला प्रे-गो-नीश म्हणतात. त्यांच्या भागातून तो शंभर वर्षांहून जास्त काळ नाहीसा झाला होता. त्यांनीच खटपट करून 2022 मध्ये तिथे पुन्हा सोडला.

प्रश्न : काका, एका घराच्या गच्चीवर पंधरा-वीस कॉन्डोर येऊन सगळं मोडूनतोडून गेले, असा व्हिडिओ मैत्रिणीनं पाठवला. आणि बाप नसताना कॉन्डोरला पिल्लं झाली असंही वाचलं. दोन्ही थापा ना?
— एक विद्यार्थिनी, विजय नगर, इंदूर

उत्तर : दोन्ही खरं. गच्चीचा प्रकार 2021 चा, कॅलिफोर्नियातल्या तेहाचापी गावचा. लाकडी सज्जावर टोळी उतरली, कठडे ओरबाडले, कुंड्या पाडल्या, आणि बाकी सगळीकडे विष्ठा. सरकारी खात्यानं सल्ला दिला की टाळ्या वाजवा, ओरडा, पाण्याचा पाइप मारा. सज्जाची मालकीण चिडली असणार, पण जगातल्या एकूण कॉन्डोरांपैकी एवढे एका सज्जावर बसलेले म्हणजे आपल्याकडे एखाद्याच्या अंगणात अख्खं संमेलन भरल्यासारखं.

चोचीनं वस्तू उचकायची त्यांची खोड पुढे महागात पडते. पिल्लाला कॅल्शियम हवं म्हणून आईबाप हाडाचे तुकडे शोधतात, आणि त्याऐवजी बाटल्यांची झाकणं, काचा, स्क्रू, प्लास्टिक उचलून पिल्लाला भरवतात. पिल्लाच्या पोटात त्याचा गोळा होतो. घरट्यांवर नजर ठेवणाऱ्यांनी कड्यावर चढून पिल्लं दवाखान्यात नेऊन ऑपरेशनं केलीत. आपल्या गाईंच्या पोटातून मी किती किलो पॉलिथीन काढलंय, ते एकदा स्वतंत्र लिहीन.

बिनबापाचं म्हणशील तर सॅन डिएगोच्या वहीत दोन नर असे निघाले की त्यांच्या जनुकांत आईशिवाय दुसरं कोणीच नाही. नर शेजारी असताना! 2021 मध्ये हे जाहीर झालं. तोपर्यंत ती दोन्ही पिल्लं कधीच मेलेली होती. वंशावळीची वही इतकी कसून ठेवली नसती तर कोणाला कळलंही नसतं.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, राम राम. मागच्या महिन्यात आमची म्हातारी गाय गेली. पूर्वी वडील गावाबाहेर ओढ्यापलीकडे टाकायचे, दोन तासांत गिधाडं साफ करायची. आता कुत्री ओढतात, वास सुटतो. गिधाडं कुठे गेली? आणि कधी आलीच तर गाय टाकावी की पुरावी?
— एक पशुपालक, सांवेर तहसील

उत्तर : भाऊ, राम राम. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर लिहायला मला जड जातं, कारण त्यात मी आहे.

महूच्या कॉलेजात असताना आम्ही मेलेलं जनावर चिरफाड करून मागे टाकायचो आणि हात धुऊन येईपर्यंत शे-दीडशे गिधाडं उतरलेली असायची. त्यांच्या पंखांचा आवाज वर्गात ऐकू यायचा, ताडपत्री झटकल्यासारखा. नव्वदीच्या सुरुवातीला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन गुरांसाठी आलं. स्वस्त आणि गुणकारी. सकाळी पाय उचलून धरलेला बैल संध्याकाळी चारही पाय टेकून वैरण खायचा. मालक खूश, मी खूश. माझ्या बॅगेत ते कायम असायचं. किती जनावरांना दिलं त्याची मोजदाद नाही.

ज्याला दिलं ते जनावर दोन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर औषधानं गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं. पोट उघडलं तर काळजावर, यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. मान खाली घालून पक्षी फांदीवर बसतो आणि दोन-चार दिवसांत खाली पडतो. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारात एक उरली, इतकी ही घसरण पंधरा वर्षांत झाली. आणि त्यासाठी सगळी जनावरं टोचलेली असावी लागत नाहीत. हिशेब करणाऱ्यांनी दाखवलं की शंभरातलं एकसुद्धा पुष्कळ झालं. मी घरी बसून तो कागद वाचला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात ओढ्यापलीकडची जागा आली नाही, बॅग आली.

कारण 2004 च्या सुरुवातीला जगजाहीर झालं, 2006 मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचायचा प्रकार तरीही चालू राहिला, म्हणून 2015 मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलीची केली. 2023 मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही तशीच वेदनाशामकंही गुरांसाठी बंद झाली, पाठोपाठ निमेसुलाइड. ॲसिक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. विलक्षण गोष्ट अशी की, कॉन्डोरच्या कुळातल्याच एका अमेरिकन गिधाडाला डायक्लोफेनॅक भरपूर देऊन पाहिलं तर त्याला काही झालं नाही. त्यांचं विष शिसं, आपलं विष हे. दोन्ही जेवणातून जातात.

गिधाडं अगदीच गेलेली नाहीत. वनखात्याच्या मोजणीत मध्य प्रदेशात 2021 मध्ये 9,446 आणि 2024 मध्ये 10,845 गिधाडं भरली. पन्नाकडे, गांधीसागरकडे चांगली आहेत. ओरछ्याच्या छत्र्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी बेतवेच्या पुलावरून दिसतात. भोपाळजवळ केरव्याला कॉन्डोरसारखंच पिंजऱ्यात पिल्लं वाढवायचं केंद्र आहे. आपल्या बाजूला देवगुराडियाच्या कचरा मैदानावर पांढरी गिधाडं मी स्वतः मोजलीत. शहर चकाचक झालं, ढीग उपसले गेले, ती पांगली. स्वच्छतेला नावं ठेवत नाही, पण त्यांचं ताट आपण उचललं हे खरं.

आता तुमची गाय. मरण्यापूर्वीच्या आठवड्यात तिला कुठलंही वेदनाशामक टोचलं असेल आणि ते गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅमच होतं याची खात्री नसेल, तर उघड्यावर टाकू नका. पुरुष-दीड पुरुष खोल खड्डा, वर चुना, वर दगड, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. काहीच टोचलेलं नसेल, संसर्गाचा रोग नसेल आणि आभाळात गिधाडं फिरताना दिसत असतील, तर पंचायतीला विचारून वस्तीपासून लांब ठेवायला हरकत नाही. कातडं काढून ठेवलंत तर त्यांना सोपं जातं. गावात इंजेक्शन टोचणारा येईल तेव्हा लाजू नका, बाटली हातात घेऊन नाव वाचा आणि गोठ्याच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम मागा, सूज तितकीच उतरते. नाव वाचता आलं नाही तर रिकामी बाटली टाकू नका. पुढच्या पत्रात तिचं लेबल चिकटवून पाठवा, मी वाचून कळवतो.